बागेला हवेत जाणते हात

साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गापासून थोडे आत लिंब हे गाव आहे. तेथील बारा मोटेची विहीर पाहायला आता दूरदूरचे लोक येतात. शाहू महाराजांच्या कुटुंबातील वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधल्याचा शिलालेख विहिरीवरच आहे. सुमारे ११० फूट खोली, ५० फूट व्यास, आत महाल, भिंतींवर कोरीव शिल्पे. पाहणारा थक्क होतो, छायाचित्रे काढतो आणि परत फिरतो. एवढी मोठी विहीर बांधली कशासाठी, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात येत नाही. परंपरा सांगते की, परिसरातील आमराईसाठी. या आमराईत ३,३०० झाडे होती असे सांगितले जाते. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी मूळ गोष्ट बदलत नाही. पाण्याची सोय आधी, झाडे नंतर, आणि दोहोंचा मेळ घालणारी माणसे कायमची, असा तो क्रम होता. मोटा हाकणारे, पाट स्वच्छ ठेवणारे, आळी करणारे, मोहोर पाहून वर्षाचा अंदाज बांधणारे असे अनेक हात त्या आमराईमागे राबत असले पाहिजेत. शिलालेखात त्यांची नावे नाहीत. तशी ती असण्याची रीतही नव्हती.

तीनशे वर्षांनंतर सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे महाराष्ट्राच्या फलोत्पादनात अग्रभागी आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत येथील द्राक्ष आणि आटपाडीचे डाळिंब परदेशी बाजारात पोहोचले. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडण्याचा १९९० चा निर्णय, २००५-०६ पासूनचे राष्ट्रीय फलोत्पादन अभियान, २०१८ ची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, अशा सरकारी योजनांनीही हातभार लावला. रोपाला अनुदान मिळाले, ठिबकला मिळाले, शेततळ्याला मिळाले, शीतगृहाला मिळाले. परंतु ज्याच्या हातात कात्री आणि कुदळ आहे त्या माणसाच्या शिक्षणाचे काय, या प्रश्नापाशी आल्यावर सगळ्या योजनांचा आवाज एकदम खाली येतो.

हा प्रश्न या भागाला नवा नाही; याचे एक उत्तर याच मातीत एकदा दिले गेले होते. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना हाताशी धरून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. या परिवाराला ना इमारत होती, ना प्रवेशपरीक्षा. शेतकऱ्याने आपल्या वेलीची पाने मोजायची, एका घडाला किती पानांचे अन्न लागते याचा हिशेब करायचा, डोळ्यात घड केव्हा तयार होतो हे स्वतः पाहायचे आणि जे दिसले ते दुसऱ्याच्या बागेत जाऊन सांगायचे. पान म्हणजे सूर्यप्रकाशावर चालणारा कारखाना, ही विज्ञानातील गोष्ट त्यांनी कमी शिकलेल्या माणसालाही कळेल अशा मराठीत मांडली. दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने जगू शकते, हे त्यांचे प्रतिपादन पुस्तकी वाटणाऱ्यांनी त्या काळच्या तासगावच्या बागा पाहायला हव्या होत्या. १९८५ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक आजही शेतीवर प्रेम करणाऱ्यांच्या घरी सापडते.

अशा वातावरणात काय घडते याचा पुरावा तासगाव तालुक्यातील बोरगावने दिला. तेथील वसंतराव आर्वे यांच्या डोळ्यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळी वाढणारी वेल हेरली. त्यातून पुढे ‘तास-ए-गणेश’ ही जात आली आणि महाराष्ट्रभर पसरली. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशाच नजरेने ‘सोनाका’ दिली. हे संशोधन प्रयोगशाळेतले नव्हे, बांधावरचे. मण्यांच्या आकारातला, पानाच्या रंगातला फरक ओळखण्याइतकी नजर ज्याला आली त्याचे हे यश. तशी नजर जन्मतः येत नाही. ती कोणीतरी द्यावी लागते, किंवा निदान ती घडेल असा सहवास तरी लागतो.

आजची स्थिती पाहू. द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फळछाटणी. पुढच्या हंगामाचा घड खरड छाटणीनंतरच्या काही आठवड्यांतच डोळ्याच्या आत सूक्ष्म रूपाने ठरून जातो. त्या दिवसांत काडीला ऊन मिळाले का, काड्यांची गर्दी झाली का, शेंडा वेळेवर मारला का, सबकेन नीट घेतली का, यावर सारे अवलंबून. एप्रिल-मेमध्ये चुकलेली काडी ऑक्टोबरमध्ये वांझ निघते आणि तोवर खते, औषधे, मजुरी यांवर खर्च होऊन गेलेला असतो. ही इतकी नाजूक कामगिरी आज बहुतांशी टोळ्यांवर सोपवलेली आहे. टोळीचा मुकादम एकरी दर ठरवतो. जितक्या लवकर बाग उरकेल तितकी दुसरी बाग लवकर मिळेल, हे त्याचे साधे गणित. यात टोळीचा दोष नाही. त्या मुलाला डोळ्यात काय घडते हे कधी कोणी दाखवलेच नसेल, तर त्याने एकरी दराचाच विचार करावा हे स्वाभाविक आहे. घडांची विरळणी करणाऱ्या, मणी हाताळणाऱ्या स्त्रियांची गोष्ट तर आणखी विचित्र. निर्यातीच्या घडाचा आकार त्यांच्या बोटांवर ठरतो, आणि मजुरीच्या वहीत मात्र त्या ‘बायका, इतक्या’ अशा एका ओळीत संपतात.

ज्ञानाची जागा रिकामी राहिली की ती बाटली भरून काढते. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश युरोपीय मर्यादेहून अधिक आढळले, माल अडकला आणि महाराष्ट्राच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. हे रसायन वापरले जाते ते वेलीची फाजील वाढ रोखून डोळ्यात घड धरावा म्हणून. म्हणजे शेंडा मारणे, काड्यांची विरळणी, उन्हाची वाट मोकळी ठेवणे, पाणी आणि नत्र यांचा लगाम धरणे या गोष्टी जाणत्या हाताने ज्या उद्देशाने करायच्या, त्याच उद्देशाने फवारणीचा सोपा मार्ग पत्करला गेला. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, शेतकरी सावध झाले, हे खरे. परंतु तपासणी शेवटी प्रयोगशाळेत होते आणि चूक त्याच्या कित्येक महिने आधी बागेत झालेली असते.

डाळिंबाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेल्या रोगाने सांगोला-आटपाडीच्या पट्ट्यातील कितीतरी बागा मुळापासून उपटाव्या लागल्या. हा जिवाणूजन्य रोग रोगट झाडावरच्या गुटी कलमांतून नव्या बागेत येतो आणि छाटणीच्या कात्रीतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. एक झाड छाटून झाले की कात्री जंतुनाशकात बुडवायची, हा उपाय किती साधा आहे! त्याला मोठी यंत्रणा लागत नाही, भांडवल लागत नाही. लागते ती फक्त सवय. आणि सवय शिकवावी लागते. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र काम करीत आहे, शास्त्रज्ञ पोटतिडकीने सांगत आहेत. पण त्यांचे सांगणे ऐकतो बागेचा मालक, आणि कात्री धरतो तो भलताच. या दोघांमधले अंतर भरून काढणारी व्यवस्था नाही, म्हणून संशोधन आणि रोपटे यांच्यामधल्या शेवटच्या चार हातांत सारे अडते.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या तरुणांना असली कामे शिकायची नाहीत, त्यांना शहर आणि नोकरी हवी. हे म्हणणे सांगलीच्या पूर्व भागाने केव्हाच खोटे पाडले आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील आणि लगतच्या माण-खटावातील हजारो तरुण सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले. दक्षिणेतील लहान गावापासून उत्तरेतील महानगरापर्यंत सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. त्याने हे कौशल्य कोणत्या महाविद्यालयात मिळवले? चुलत्याकडे, मामाकडे, गावच्या ओळखीच्या माणसाकडे भट्टीजवळ बसून. शिकवणारा होता, शिकणाऱ्याला त्यात उद्या स्वतःचे दुकान दिसत होते आणि समाजात त्या कामाला मान होता. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून दुष्काळी गावांत पक्की घरे उभी राहिली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. पाटण-जावळीतून मुंबईला गेलेल्यांच्या वाट्याला मात्र पाठीवरचे ओझे आले. त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांना झगडावे लागले, तेव्हा १९६९ चा माथाडी कायदा झाला. दोघेही एकाच प्रकारच्या कोरड्या माळरानातून वा डोंगरकपारीतून निघाले. एकाच्या हातात कला होती, दुसऱ्याच्या हातात ती येऊ दिली गेली नव्हती.

बागकामाला हाच मान का मिळू नये? पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत, उद्योगांच्या आवारात, विद्यापीठांत, रुग्णालयांत, महामार्गांच्या दुभाजकांवर उद्यान-निगराणीचे काम मोठ्या प्रमाणावर निघते. रहिमतपूरच्या हणमंतराव गायकवाडांनी १९९७ मध्ये सुरू केलेला भारत विकास ग्रुप स्वच्छता आणि उद्यान देखभालीची कामे घेत दिल्लीपर्यंत गेला, हे सातारकरांना ठाऊक आहे. राष्ट्रपती भवनातील उद्यानाला जानेवारी २०२३ मध्ये ‘अमृत उद्यान’ हे नाव मिळाले आणि त्याचे देशभर स्वागत झाले. ते योग्यच. पण तिथला वाफा उन्हाळ्यात कोण जगवतो, ट्युलिपचे कंद कोण लावतो, हे विचारण्याची उत्सुकता मात्र अद्याप आपल्या समाजात जागी झालेली नाही. अरणच्या सावता महाराजांनी तेराव्या शतकात मळ्यातच विठ्ठल पाहिला. वारकरी त्यांच्यापुढे माथा टेकवतो आणि घरी आल्यावर माळ्याला अंगणाबाहेर उभा करतो, ही विसंगती आहे. माळीकाम ही एखाद्या जातीची वतनदारी नव्हे आणि हलके कामही नव्हे. समरसतेचा विचार ज्यांना मनापासून पटतो त्यांनी तो इथून, कुदळीपासून, सुरू करायला हरकत नसावी.

बागेच्या कुंपणाबाहेरही याच प्रश्नाचे दुसरे रूप उभे आहे. रस्ते, नदीकाठ, शाळांची आवारे, औद्योगिक वसाहती, टेकड्या, म्हणजे ज्याला आता ‘लँडस्केप’ म्हणतात ती सारी सार्वजनिक भूमी कोणाच्या हाती आहे? जुलै २०२० मध्ये मिरज तालुक्यातील भोसे येथील सुमारे चारशे वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तोडला जाणार होता. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, राज्यातील आणि केंद्रातील मंत्र्यांनी लक्ष घातले, रस्त्याच्या आखणीत बदल करण्याचा निर्णय झाला. लोकभावनेचा तो विजय होता. परंतु करवत टळली म्हणजे वृक्ष वाचला असे नसते. एवढ्या वडाची मुळे फांद्यांच्या पसाऱ्याच्याही पलीकडे गेलेली असतात. त्यांच्यावर मुरूम दाबला गेला, भराव पडला, पाण्याचा निचरा बदलला, एका बाजूच्या पारंब्या तुटल्या, की झाडाचा तोल आणि श्वास दोन्ही बिघडतात, आणि ते लगेच दिसत नाही. अशा वेळी वृक्षाची तपासणी करून कोणती फांदी हलकी करायची, कुठे आधार द्यायचा, बुंध्यापासून किती अंतर मोकळे ठेवायचे हे सांगणारा माणूस लागतो. आंदोलनाला शेकडो माणसे मिळाली. असा एक तरी प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी मिळेल का?

नवीन लागवडीची कथा तर अधिक विनोदी. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी वृक्षांपासून सुरुवात करून २०१९ मध्ये ३३ कोटींचा संकल्प सोडला. संकल्पाचा हेतू उदात्त होता आणि लाखो नागरिक, स्वयंसेवक त्यात मनापासून उतरले. त्यातून एक धडा मात्र घ्यायला हवा: खड्डे मोजता येतात, निगराणी मोजता येत नाही, म्हणून सरकारी कागदावर खड्डे वाढतात. रोपवाटिकेत जे तयार असेल तेच लावले जाते. मग कृष्णाकाठी जिथे वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन शोभले असते तिथे गुलमोहर उभा राहतो आणि पहिल्या वादळात आडवा होतो. जत-आटपाडीच्या माळावर हिवर, बाभूळ, बोर, पळस हे घरचे सोडून सुबाभूळ पसरते. झटपट हिरवे दिसणारे कोनोकार्पस हे विदेशी झाड दुभाजकांवर आणि कुंपणांवर सर्रास लावले गेले. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. टंचाईच्या गावात टँकरने पाणी आणि त्याच गावच्या कचेरीपुढे हिरवळीचा गालिचा, हे दृश्यही नवलाचे राहिलेले नाही. हिरवळ ही थंड, ओल्या हवेच्या देशांतून आलेली हौस आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील खेड्याने ती का जपावी, असा प्रश्न ठेकेदाराला पडत नाही. कारण निविदेत ‘लॉन, इतके चौरस मीटर’ असे लिहिलेले असते.

झाड कुठे लावायचे नाही, हेही शिक्षणच आहे. कासच्या सड्यावर जांभ्या खडकावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. त्यावरच ती पावसाळी फुलांची सृष्टी उमलते, जिच्यामुळे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचेही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. उत्साहाच्या भरात कोणी तिथे वृक्षारोपण केले तर ती सृष्टीच नष्ट होईल. माण-खटावची गवती कुरणे ‘ओसाड’ नाहीत. त्यांच्यावर मेंढपाळ, पक्षी आणि लांडगे जगतात. तिकडे वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या जमिनी अति पाण्याने क्षारपड झाल्या. तिथे निचऱ्याशिवाय दुसरे काही लावण्यात अर्थ नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. त्या संकटाचे मूळ अतिवृष्टीत होते. तरीही डोंगरउतारावर रस्ता कापताना पाणी कुठून काढायचे, उघडी माती कोणत्या गवताने धरायची हे जाणणारी माणसे अशा तालुक्यात असणे ही आता हौस राहिलेली नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या सांगलीला काठावरच्या झाडोऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

हे सारे जमू शकते याची साक्ष सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव, पलूस, वाळवा यांच्या सीमेवरचे सागरेश्वरचे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून आणि वन विभागाच्या साथीतून तिथे जंगल उभे राहिले, हरणे आली आणि १९८५ मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसाने घडवलेले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी करताना पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी निसर्गाच्या शोषणाला नकार दिला होता. निसर्गाला स्वतःची झीज भरून काढता येईल इतकेच त्याच्याकडून घ्यावे, हा त्यांचा विचार आज जग ‘शाश्वत विकास’ या नावाने शिकू पाहत आहे. सागरेश्वर हे त्या विचाराचे डोळ्यांना दिसणारे रूप म्हणता येईल. फक्त एवढेच की, एका मोहित्यांच्या आयुष्यभराच्या तपश्चर्येवर किती डोंगर विसंबणार?

प्रशिक्षणाच्या सोयी अगदीच नाहीत असे नव्हे. औद्योगिक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पुष्पोत्पादन आणि लँडस्केपिंग हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. भारतीय कृषी कौशल्य परिषदेने ‘गार्डनर’ या कामाचे निकष ठरवले आहेत. कृषी विद्यापीठांनी माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम मराठीतून चालवले आहेत. सांगलीच्या कृष्णा व्हॅली ॲडव्हान्स्ड ॲग्रिकल्चर फाउंडेशनने, २००२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ॲग्री-क्लिनिक योजनेखाली कृषी शिकलेल्या तरुणांना उद्योजक बनवण्याचे मोठे काम केले. बोरगाव, कालवडे, कांचनपूर येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन चालते. म्हणजे सामग्री आहे, पण ती विखुरलेली आहे आणि तिचे तोंड पदवीधराकडे किंवा जमीनमालकाकडे वळलेले आहे. २०२३ मध्ये बचतगटांतील स्त्रियांना ड्रोन चालवायला शिकवण्याची योजना केंद्राने मंजूर केली. ती स्वागतार्ह आहे. मात्र ज्या बाईला आकाशातला ड्रोन शिकवता येतो तिला हातातली कात्री शास्त्रशुद्ध धरायला शिकवणे त्याहून अवघड नसावे. शेजारच्या कर्नाटकात शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी बंगळुरूच्या लालबागेसारख्या ठिकाणी दहा महिन्यांचे उद्यान प्रशिक्षण चालत आले आहे. महाराष्ट्राने त्यातून घ्यावे असे बरेच आहे.

सातारा तर श्रमाच्या शिक्षणाची पंढरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथली मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हा पुढे देशभर गेलेला मंत्र इथला. रयतच्या बोधचिन्हात वड आहे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. याच परंपरेतून एक वेगळी मांडणी सहज करता येईल. अभ्यासक्रम मराठीतून असावा, शिकवणीचा मोठा भाग बागेत व्हावा आणि विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळावे. सहावीत शाळा सुटलेल्यालाही त्यात दार उघडे असावे. छाटणी, कलम, रोगाची ओळख, औषधाचे प्रमाण आणि स्वतःच्या शरीराची काळजी यांच्या बरोबरीने स्थानिक झाडे-गवते, पाण्याचा निचरा, जुन्या वृक्षांची शुश्रूषा, रोपवाटिका आणि थोडा हिशेब हे विषय त्यात यावेत. शिकवायला प्राध्यापक असावेत, तसेच ज्याच्या हातून हजारो कलमे जगली असा म्हातारा माळीही असावा आणि त्याला मानधन प्राध्यापकाच्या बरोबरीने मिळावे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आणि सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात झाडांच्या पोषणाचे, रोगांचे जे विवेचन आहे, ते पूजेच्या पाटावर ठेवण्याऐवजी प्रयोगाच्या वाफ्यावर आणावे. जे टिकेल ते घ्यावे, जे टिकणार नाही ते नम्रपणे बाजूला ठेवावे. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची शिस्त तीच होती.

शासनाने करायचे काम यात फार थोडे, पण नेमके आहे. महापालिका, नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या उद्यानविषयक निविदांत प्रमाणित माळ्यांची अट घालावी. देयक लागवडीच्या दिवशी न देता तीन पावसाळे झाड जगल्यावर हप्त्यांनी द्यावे. जिल्ह्याच्या चार भूभागांसाठी, म्हणजे घाटमाथा, कृष्णाकाठ, मधला बागायती पट्टा आणि पूर्वेचा दुष्काळी माळ यांच्यासाठी, देशी झाडांच्या वेगवेगळ्या याद्या करून तीच रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत तयार ठेवावीत. बाकीचे समाजाने उचलावे. द्राक्ष बागायतदार संघ, साखर कारखाने, दूध संघ, देवस्थाने यांच्याकडे जमीन आहे, पैसा आहे आणि माणसेही आहेत. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि समरसता हे दोन्ही विषय आहेत. त्या विषयांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दुष्काळी तालुक्यांत यासारखा दोन्ही साधणारा उपक्रम शोधूनही सापडणार नाही.

वेळाही निसर्गाने ठरवून दिल्या आहेत. खरड छाटणी आणि तिच्या मागची विरळणी उरकली की जून ते सप्टेंबर या काळात टोळ्यांच्या हाताला काम कमी असते. याच दिवसांत पाऊस असतो, कलमे बांधता येतात, रोपे लावता येतात, आणि डोळा चिरून भिंगाखाली त्यातला घड दाखवता येतो. तासगाव किंवा कवठेमहांकाळमधल्या एखाद्या शाळेच्या दोन खोल्या, शेजारची एक बाग, एक सूक्ष्मदर्शक, वीस कात्र्या आणि तीस शिकाऊ, त्यांत निम्म्या स्त्रिया, एवढ्यावर बारा आठवड्यांचा पहिला वर्ग सुरू करता येईल. सप्टेंबरअखेर फळछाटणी सुरू होताना ही तीस माणसे बागांत उतरतील. मुकादमाच्या वहीत तेव्हा एकरी दराशेजारी एक नवा रकाना आखावा लागेल, छाटणाऱ्याच्या नावाचा.